दोन भाल्यांचे संत

हातात मोदक दिसला की तो गणपती. कमरेवर हात ठेवून विटेवर उभा, तो विठोबा. खाली नाव लिहायची गरजच पडत नाही, हो ना? बालमित्रांनो, मध्ययुगातल्या ख्रिस्ती चित्रकारांनीही अशाच खुणा ठरवल्या. धर्मासाठी ज्यांचा छळ झाला, त्या संतांना छळाच्या हत्यारासकट रंगवायचे. अंगात बाण रुतलेले असले, तर ते संत सेबॅस्टियन. शेजारी दातेरी चाक असले, तर संत कॅथरिन.

आणि क्रूस व दोन भाले दिसले तर? ते बहुधा आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया!

चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेली वसई तुम्हांला ठाऊक आहेच. त्याआधी तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात, सोळाव्या शतकात, गोन्सालो तिथे जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयात ते जपानला गेले, तिकडची भाषा शिकले. पुढे व्यापार केला, तोही सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. १५९३ साली दुभाषे म्हणून पुन्हा जपानात आले.

जपानचा सत्ताधीश होता हिदेयोशी. धर्मगुरूंच्या मागोमाग स्पेनचे सैन्य येईल, असा त्याला संशय आला. त्याने धरपकड केली. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत क्योतोहून नागासाकीला चालवत नेले. सुमारे आठशे किलोमीटर! आपल्या भंडाऱ्याहून निघालो, तर नाशिक मागे पडेल. त्या सव्वीसजणांत तीन मुलगे होते. सर्वांत धाकटा अवघा १२ वर्षांचा.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांना क्रूसावर चढवले. जपानात खिळे ठोकत नसत बरं का, हातपाय कड्यांनी नि दोरांनी बांधत. मग दोन बाजूंनी दोन भाले खुपसत. म्हणूनच चित्रात भाले दोन.

१८६२ साली पोपने या सर्वांना संत म्हणून जाहीर केले. वसईजवळच्या गास गावचे चर्च गोन्सालोंच्याच नावाचे आहे.

नागासाकीत १९६२ साली सव्वीसजणांचे स्मारक झाले. शिल्पकार फुनाकोशी यांनी मात्र जुनी खूण सोडून दिली. ब्राँझच्या मूर्ती एका रांगेत आहेत, पण भाले नाहीत. पावले नुसती अधांतरी. मला ही रांग भाल्यांच्या चित्रांपेक्षा जास्त बोलकी वाटते. तिच्यात तीन मूर्ती बुटक्या आहेत. त्या कोणाच्या, हे तुम्ही ओळखले असेलच.