दुखणं कमरेचं, दावे बाळंतपणाचे

पाचवा-सहावा महिना लागला की कंबर बोलू लागते. निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना या काळात कंबरदुखी होते. साधारण पाचातल्या एकीला कटीराच्या, म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या घेराच्या, सांध्यांत दुखतं. कूस बदलताना कळ येते, जिना चढताना जांघेत ओढ बसते, एका पायावर उभं राहून सलवार घालणं नकोसं होतं. वेदनाशामक गोळ्यांवर बंधनं असतात आणि ‘या दिवसांत असं व्हायचंच’ एवढ्यावर घरातले बोळवण करतात.

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात राहणारी लेक अशा वेळी सहज कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणक्यांवर आणि सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्याकडे, जाते. ते ऐकून इकडे आईच्या काळजात धस्स होतं, कारण तिने मोबाइलवर मानेचा ‘कडाक्’ आवाज काढणारे व्हिडिओ पाहिलेले असतात. मुंबई-पुण्यातही आता अशी क्लिनिकं आहेत. एका बाजूला ‘पोटुशीच्या पाठीला हात लावू नये’ ही भीती, तर दुसऱ्या बाजूला ‘बाळंतपण सुखरूप होतं, आडवं बाळ सरळ होतं’ ही जाहिरात. दोन्ही तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज १ : पाठीवर दाब दिला की बाळाला धक्का बसतो, गर्भ पडतो.

वस्तुस्थिती : जाणकार कायरोप्रॅक्टर गरोदर बाईच्या पोटावर दाब देत नाही. पोट वाढलेलं असेल तर तिला पालथं झोपवायचं ते मध्ये पोटासाठी मोकळी जागा असलेल्या टेबलावर, नाहीतर कुशीवर. विसाव्या आठवड्यानंतर फार वेळ उताणं झोपणं टाळतात, कारण गर्भाशयाच्या भाराने हृदयाकडे रक्त नेणारी मोठी नीला दबते आणि चक्कर येते. तपासणीत ती कशी चालते, कुठल्या हालचालीला दुखतं, पायात मुंग्या येतात का, हे पाहिलं जातं. मग हाताने स्नायू सैल करणं, कटीराखाली पाचरीच्या आकाराच्या उशा ठेवणं, किंवा टेबलाचा एक भाग किंचित खाली पडेल अशा बेताने हलका दाब देणं. या शेवटच्या प्रकारात ‘धप्’ असा आवाज येतो तो टेबलाचा, हाडांचा नव्हे. एक्स-रे एरवी या व्यवसायात बराच वापरला जातो, पण साध्या कंबरदुखीसाठी गरोदरपणात तो काढायचं कारण नाही.

पहिल्या तिमाहीत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिकांच्या मुळाशी गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. कंबरेवरच्या अशा हलक्या उपचाराने गर्भपात होतो, असा पुरावा नाही. गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या दुष्परिणामांचा धांडोळा घेणारा एक आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच घटना सापडल्या आणि त्यांतल्या गंभीर घटना प्रामुख्याने मानेवरच्या उपचारानंतरच्या होत्या. मात्र या विषयावरचे अभ्यास लहान आहेत. लहान अभ्यासात क्वचित घडणारा धोका निसटू शकतो. म्हणून ‘धोका आढळलेला नाही’ आणि ‘धोका नाहीच’ यांत फरक करावा.

गैरसमज २ : या दिवसांत सांधे सैल होऊन हाडं सरकतात, कायरोप्रॅक्टर ती जागेवर बसवतो.

वस्तुस्थिती : रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे कटीराचे अस्थिबंध काहीसे सैलावतात हे खरं. पण त्याची पातळी पहिल्या तिमाहीतच कळसाला पोहोचते आणि पुढे उतरते. दुखणं मात्र बहुतेकींचं नंतर वाढतं. रक्तात रिलॅक्सिन जास्त म्हणजे दुखणं जास्त, असं साधं गणितही अभ्यासांत जुळलेलं नाही. शरीराचा तोल पुढे जातो, पोटाचे स्नायू ताणले जातात, झोप तुटते, आधीची पाठदुखी डोकं वर काढते. अशी अनेक कारणं एकत्र येतात.

हाड सरकल्याची कल्पना या पद्धतीच्या जन्माइतकी जुनी आहे. १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या माणसाच्या पाठीवर उपचार केला आणि त्याला ऐकू येऊ लागलं असा दावा केला. मणका जागचा हलला की मज्जातंतूंचा प्रवाह अडतो आणि रोग होतात, हा त्यांचा सिद्धान्त. ब्रिटनमध्ये या व्यवसायाचं नियमन करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये सांगून टाकलं, की ही ऐतिहासिक संकल्पना असून ती रोगाचं कारण असल्याला संशोधनाचा आधार नाही.

आवाजाचं म्हणाल तर सांध्यातल्या द्रवात एकदम पोकळी तयार झाल्याने तो येतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात ग्रेगरी कॉचुक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये बोटाचा सांधा मोडताना एमआरआयने चित्रण करून हे दाखवलं. ‘कडाक्’ झालं म्हणजे हाड बसलं असं नाही, आणि आवाज आला नाही म्हणजे पैसे वाया गेले असंही नाही.

गैरसमज ३ : कंबरदुखीवर याच्याइतका रामबाण उपाय नाही.

वस्तुस्थिती : काहींना आराम पडतो, पण रामबाण म्हणावं असं काही हाती आलेलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये कायरोप्रॅक्टिक उपचार घेणाऱ्या ११५ गरोदर बायकांचा पाठपुरावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यात ५२ टक्के, तर तीन महिन्यांनी ८५ टक्के बायकांनी बरं वाटत असल्याचं सांगितलं. आकडे झकास आहेत, पण तुलनेसाठी उपचार न घेतलेल्या बायकांचा गट नव्हता. शिवाय तीन महिन्यांत अनेकींचं बाळंतपणच होऊन जातं, आणि या कंबरदुखीवर बाळंतपण हा स्वतःच मोठा उतारा असतो.

अधिक भरवशाचा अभ्यास अमेरिकेतल्या सेंट लुइसचा, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला. १६९ बायकांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी केली. एका गटाला नेहमीची प्रसूतिपूर्व देखभाल, दुसऱ्याला त्याच्या जोडीला कायरोप्रॅक्टरकडून हाताचे उपचार, व्यायाम आणि समजावणी. दुसऱ्या गटाचं दुखणं आणि त्यामुळे होणारी अडचण अधिक कमी झाली. आता हे यश हातांचं, व्यायामाचं की कोणीतरी आपलं नीट ऐकून घेतल्याचं? या रचनेत ते वेगळं काढता येत नाही. २०१२ च्या एका प्राथमिक चाचणीत ५७ बायकांमध्ये व्यायाम, मणक्यावरचा उपचार आणि मनावरचा ताण हाताळणारी तिसरी पद्धत यांची तुलना झाली. तिथे गटागटांत ठळक फरक पडला नाही.

कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ३४ चाचण्या आणि ५,१२१ बायकांची माहिती एकत्र केली होती. कंबरदुखीसाठी व्यायाम उपयोगी ठरतो असं त्यातून दिसलं, जरी पुराव्याचा दर्जा फार वरचा नव्हता. म्हणून आधी चालणं, पाण्यातले किंवा फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. हे करून भागलं नाही तर हाताचा उपचार, असा क्रम शहाणपणाचा.

गैरसमज ४ : पायाळू बाळ कायरोप्रॅक्टर फिरवून देतो.

वस्तुस्थिती : आपल्याकडे पायाळू माणसाचा पाय पाठीला लावला की उसण जाते, अशी जुनी समजूत आहे. पाठ आणि पायाळू यांची सांगड परदेशातही घातली गेली, फक्त उलट्या दिशेने: पाठीवर उपचार केला की पायाळू बाळ फिरतं म्हणे! लॅरी वेबस्टर या अमेरिकी कायरोप्रॅक्टरच्या नावाने ओळखलं जाणारं ‘वेबस्टर तंत्र’ यासाठी प्रसिद्ध आहे. कटीराचा तोल साधला की गर्भाशयावरचा ताण कमी होतो आणि बाळाला वळायला जागा मिळते, अशी ही मांडणी.

या तंत्राला ८२ टक्के यश येतं, हा आकडा इंटरनेटवर जागोजागी भेटतो. तो आला कुठून? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतून. १,०४७ कायरोप्रॅक्टरांना प्रश्नावली पाठवली, उत्तरं आली १८७ जणांची. म्हणजे ज्यांनी उपचार केला त्यांनीच, स्वतःच्या आठवणीतून, स्वतःला गुण दिले. आणि पाचातल्या चौघांनी पत्राला उत्तरच दिलं नाही.

त्यातून निसर्गाचा हिशेब राहिलाच. अठ्ठाविसाव्या आठवड्यात साधारण पाचातलं एक बाळ डोकं वर करून असतं. दिवस भरेपर्यंत अशी बाळं शंभरात तीन-चारच उरतात. बाकीची आपली आपण वळतात. मधल्या काळात आई जिथे गेली असेल तिथे श्रेय जातं. ऑस्ट्रेलियात या व्यवसायाचं नियमन करणाऱ्या कायरोप्रॅक्टिक मंडळाने २०१६ मध्ये तिथल्या कायरोप्रॅक्टरांना बजावलं, की पोटातल्या बाळावर उपचार करू नका आणि बाळ फिरवण्याची पद्धत म्हणून ही सेवा देऊ नका.

छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यातही बाळ पायाळूच असेल, तर पोटावर बाहेरून हात ठेवून ते फिरवण्याची पद्धत प्रसूतितज्ज्ञांकडे आहे. ती सोनोग्राफी करून, बाळाच्या हृदयाचे ठोके तपासत आणि वेळ पडल्यास लगेच सिझेरियन करता येईल अशा रुग्णालयातच करतात. साधारण निम्म्या वेळा ती यशस्वी होते. गावाकडे बाळ सरळ करायला पोट चोळून घेण्याची चाल अजून कुठे कुठे आहे. ती मात्र सोडलेलीच बरी.

गैरसमज ५ : नऊ महिने नियमित गेलं की कळा कमी वेळ चालतात, सिझेरियन टळतं.

वस्तुस्थिती : असं खात्रीने दाखवणाऱ्या चांगल्या चाचण्या नाहीत. कळा किती वेळ चालणार हे बाळाचं वजन, त्याची स्थिती, पहिली खेप की दुसरी अशा कित्येक गोष्टींवर ठरतं. दुखत नसताना ‘बाळंतपण सोपं जावं म्हणून’ वीस भेटींचं पॅकेज कोणी पुढे केलं, तर पैसे पाकिटातच ठेवावेत.

गैरसमज ६ : औषध नाही, इंजेक्शन नाही, म्हणजे अपाय नाही.

वस्तुस्थिती : असा उपचार घेणाऱ्या सर्वसाधारण रुग्णांतही बऱ्याच जणांचं अंग एक-दोन दिवस ठणकतं. ते आपोआप जातं. गंभीर प्रश्न मानेचा आहे. मानेला झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. हे क्वचित घडतं आणि झटका हेच कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण दोहोंचा संबंध असल्याचं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ च्या निवेदनात नमूद केलं आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. तेव्हा दुखणं कमरेचं असताना मान मोडून घेण्याची हौस कशाला?

काही दुखणी मुळात कमरेची नसतातच. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, ठरावीक अंतराने येणारी पाठीतली कळ, तापासह कुशीत दुखणं, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीला सूज, लघवी अडणं किंवा जांघेभोवती बधिरपणा, बाळाची हालचाल मंदावणं. यांपैकी काहीही असेल तर कायरोप्रॅक्टर नाही, थेट रुग्णालय. वार खाली असेल, मुदतीआधी प्रसूतीची भीती असेल, रक्तदाब चढलेला असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर आपल्या प्रसूतितज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

गैरसमज ७ : पाटीवर ‘कायरोप्रॅक्टर’ लिहिलंय, म्हणजे शिक्षण झालेलंच असणार.

वस्तुस्थिती : हे देशावर अवलंबून आहे. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत परवान्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. ब्रिटनमध्ये १९९४ पासून त्यासाठी कायदा आहे. भारतात मात्र या पद्धतीसाठी वेगळी नोंदणी परिषद नाही. त्यामुळे परदेशातून पूर्ण पदवी घेऊन आलेला तज्ज्ञ आणि दोन-चार दिवसांची कार्यशाळा करून व्हिडिओ टाकणारा, दोघांची पाटी सारखीच दिसू शकते. फिजिओथेरपिस्ट वेगळा; त्याचं शिक्षण आणि व्यवसाय आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय कायद्याखाली येतो. परंपरेने हाड बसवणारा हाडवैद्य आणखी वेगळा.

म्हणून भारतात कायरोप्रॅक्टरकडे जाण्याआधी थेट विचारावं: पदवी कुठली, किती वर्षांची? गरोदर बायकांवर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलंय का? मला कसं झोपवणार, मानेला हात लावणार का? किती भेटींत फरक दिसायला हवा आणि नाही दिसला तर काय? चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. तो व्यायाम शिकवतो, प्रसूतितज्ज्ञांची चिठ्ठी मागतो आणि दोन-चार भेटींत उतार पडला नाही तर स्वतःहून थांबतो.

हा उपचार आईच्या कमरेसाठी आहे, बाळासाठी नाही, एवढं ध्यानात ठेवलं की निवड सोपी होते. कूस बदलताना कमी दुखावं, रात्री चार तास सलग झोप लागावी, यासाठी योग्य हातांकडे जायला हरकत नाही. बाळ फिरवून देतो, सिझेरियन टाळून देतो असं जिथे सांगितलं जाईल, तिथून मात्र परत फिरावं.