दोन काट्यांची साक्ष

अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या नि गोदावरीच्या पाटपाण्यावर पोसलेला ऊस हंगामात कारखान्याकडे निघाला की, सावध शेतकरी आपली गाडी आधी वाटेवरल्या खासगी वजनकाट्यावर उभी करतो आणि मागाहून दोन्ही पावत्यांचा मुकाबला करतो. ‘चेकॅझम’ नावाच्या तपासणी-साधनाचे ब्रीद यापरते निराळे नाही. एफएफएमपेगसारख्या, चलच्चित्रे उलगडणाऱ्या आज्ञावलीत जी कामे अहोरात्र घडावी लागतात ती प्रक्रियकाच्या स्वतःच्या बोलीत, म्हणजे असेंब्लीत, हाताने लिहिलेली असतात, आणि त्यांचीच सी भाषेतील संथ परंतु भरवशाची प्रत शेजारी ठेवलेली असते. दोहोंना एकच यादृच्छिक विदा देऊन उत्तरे जुळली नाहीत, तर जलद प्रत नामंजूर होते. (अपूर्णांकांच्या गणितास किंचित सूट असते.)

आता ‘रिस्क-फाइव्ह’ ही 2010 साली बर्कली येथे उगम पावलेली, परवाना-शुल्कावाचून वापरता येणारी प्रक्रियक-रचना घ्या. सी-डॅकचे ‘वेगा’ आणि आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ हे प्रक्रियक तिच्याच कुळातील. तिच्यासाठी हे साधन सिद्ध करताना मुकाबल्याचा भाग जवळजवळ जसाच्या तसा राहतो; नव्याने लिहावा लागतो तो पहारेकरी, आणि तोही त्या यंत्राच्याच बोलीत, कारण तेथील वहिवाट त्यास ठाऊक हवी. एस0 ते एस11 ही बारा रजिस्टरे (प्रक्रियकातले साठवणीचे कप्पे) वापरली तरी पूर्ववत करून परत द्यावीत, असा तेथला करार आहे. पहारेकरी त्यांत ओळखीच्या खुणा भरून आज्ञासमूहास आत सोडतो आणि बाहेर पडताना झडती घेतो. ही झडती नसेल तर उत्तर अचूक येऊनही भलत्याचेच दफ्तर बिघडते, आणि चोरी एका गावी नि बोभाटा दुसऱ्या गावी, अशी गत होते.

खरी अडचण सदिश-रजिस्टरांची, म्हणजे अनेक संख्या एकदम पेलणाऱ्या कप्प्यांची. त्यांची रुंदी निर्मात्याच्या मर्जीवर सोपवलेली असल्याने, 128 बिटांच्या यंत्रावर निर्दोष ठरलेली प्रत 256 बिटांवर चुकू शकते. म्हणून क्यूईएमयू या अनुकारकात निरनिराळी रुंदी मांडून तीच परीक्षा पुनःपुन्हा घ्यावी लागते. वेगाची ग्वाही मात्र अनुकारक देऊ शकत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष चिपच हवी, आणि तेथेही लिनक्सच्या अलीकडील आवृत्त्या वेग मोजणारा चक्रगणक वाचण्याची मुभा सामान्य आज्ञावलीस आपण होऊन देत नसल्याने, या साधनास प्रथम रीतसर परवानगीच मागावी लागते.