ई-४०: दहा देशांना जोडणारा, युद्धाने तोडलेला महामार्ग

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील कॅले बंदरातून निघून कझाकस्तानातील अल्ताई पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या रिद्देर या खाणनगरीपर्यंत जाणारा ई-४० हा युरोपीय महामार्ग जाळ्यातील सर्वांत लांब मार्ग आहे. त्याची लांबी आठ हजार किलोमीटरहून अधिक असून फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, पोलंड, युक्रेन, रशिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि किर्गिझस्तान या दहा देशांतून तो जातो. नकाशावर ही रेषा आजही अखंड दिसते. प्रत्यक्षात मात्र पूर्व युक्रेनमधील तिचा भाग २०१४ पासून विस्कळीत झाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या युद्धाने कॅलेहून रिद्देरपर्यंतचा सलग प्रवास अशक्य केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेला युरोप पुन्हा एकमेकांशी जोडला जावा, या हेतूने आंतरराष्ट्रीय महामार्गांची ही कल्पना पुढे आली होती. त्या कल्पनेचा सर्वांत लांब आविष्कार असलेला मार्ग पुन्हा युद्धामुळेच तुटला आहे. म्हणूनच ई-४० समजून घेताना त्याच्या लांबीइतकेच त्यामागील कराराचे स्वरूपही पाहणे आवश्यक ठरते.

क्रमांक कसा ठरतो?

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाची स्थापना १९४७ मध्ये झाली. जिनिव्हा येथे मुख्यालय असलेल्या या आयोगाच्या पुढाकाराने १६ सप्टेंबर १९५० रोजी मुख्य आंतरराष्ट्रीय वाहतूक मार्गांच्या उभारणीविषयीच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि ‘ई’ हे अक्षर रस्त्यांच्या क्रमांकापूर्वी आले. पुढे १५ नोव्हेंबर १९७५ रोजी त्याची जागा घेणारा नवा करार झाला. तो १९८३ मध्ये अमलात आला. आजची क्रमांकपद्धती याच करारातील आहे.

या पद्धतीचे सूत्र सोपे आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या मार्गांना विषम क्रमांक दिले जातात आणि ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात. पश्चिम-पूर्व मार्गांना सम क्रमांक असतात व ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. ज्यांच्या शेवटी शून्य किंवा पाच आहे, ते आधारभूत मार्ग मानले जातात. त्यामुळे ई-१० नॉर्वे व स्वीडनच्या उत्तर टोकाला आढळतो, तर ई-९० दक्षिण युरोपातून तुर्कियेकडे जातो. ई-४० या दोहोंच्या मध्ये, खंडाच्या जवळजवळ कमरेतून जाणारा मार्ग आहे. जोडमार्गांना तीन अंकी क्रमांक देण्यात येतात.

भारतातील राष्ट्रीय महामार्गांना २०१० मध्ये नवे क्रमांक मिळाले, तेव्हा अशाच प्रकारचे सूत्र वापरले गेले. मात्र येथे क्रम उलटा आहे. श्रीनगर-कन्याकुमारी हा नागपूरमार्गे जाणारा उत्तर-दक्षिण मार्ग ४४ या सम क्रमांकाचा आहे आणि पूर्व-पश्चिम मार्गांचे क्रमांक विषम आहेत.

युरोपीय सूत्राला अपवादही आहेत. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये ई-४ व ई-६ हे जुने क्रमांक लोकांच्या इतके अंगवळणी पडले होते की नव्या पद्धतीतही ते तसेच ठेवावे लागले. ब्रिटनमध्ये ई-मार्ग कागदोपत्री आहेत, पण त्यांचे फलक रस्त्यावर लावले जात नाहीत. याउलट बेल्जियममध्ये राष्ट्रीय क्रमांक मागे पडले असून बोलण्यात आणि वाहतुकीच्या बातम्यांत ‘ई-४०’ हेच नाव रूढ आहे.

मालक कोण?

ई-४० या नावाचा एकसंध रस्ता कोणीही बांधलेला नाही. प्रत्येक देशाने आपापल्या खर्चाने बांधलेल्या आणि आपापल्या कायद्यांनुसार चालवलेल्या रस्त्यांवर हा क्रमांक चढवलेला आहे. फ्रान्समध्ये तो ए-१६ या महामार्गावरून जातो, जर्मनीत बहुतांशी ए-४ वरून. मध्य जर्मनीत ए-४ सलग नसल्याने ओल्पे येथून ई-४० दुसऱ्या महामार्गांचा आधार घेत गीसेनमार्गे वळसा घालतो आणि बाट हेर्सफेल्टजवळ पुन्हा ए-४ ला येऊन मिळतो. पोलंडमध्येही त्याच्या वाट्याला आलेल्या राष्ट्रीय महामार्गाचे नाव योगायोगाने ए-४ असेच आहे.

करारात सहभागी देशांनी काही समान निकष स्वीकारलेले आहेत. मार्गिकेची रुंदी किमान साडेतीन मीटर असावी, पुलाखालून वाहन जाण्यासाठी साडेचार मीटर उंची मोकळी असावी, हिरव्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत क्रमांक असावा, अशा स्वरूपाच्या या तरतुदी आहेत. निकष पाळण्याची जबाबदारी त्या त्या देशाची असते. त्यामुळे एकच क्रमांक बेल्जियममध्ये अनेक पदरी द्रुतगती मार्गावर दिसतो, तर कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात दोन पदरी साध्या रस्त्यावर.

पुसट झालेल्या सीमा

कॅलेहून निघाल्यावर पहिले मोठे शहर लागते ते डंकर्क. मे-जून १९४० मध्ये येथून तीन लाख ३८ हजारांहून अधिक सैनिकांना समुद्रमार्गे ब्रिटनला हलवण्यात आले. ब्रिटिश भारतीय सैन्याच्या खेचरांद्वारे मालवाहतूक करणाऱ्या तुकड्याही त्या वेळी तेथे होत्या. पुढे ब्रुज, गेंट, ब्रसेल्स आणि लूव्हेन ही बेल्जियमची शहरे येतात.

ब्रसेल्सहून पूर्वेकडे जाताना दिशादर्शक फलकांवर एक गंमत दिसते. डच भाषक भागात पुढील शहराचे नाव ‘लुइक’ असे असते, फ्रेंच भाषक भागात तेच ‘ल्येज’ होते आणि जर्मनीतून उलट येणाऱ्याला ‘ल्युटिख’ हे नाव वाचावे लागते. शहर एकच असते. भाषेची सीमा ओलांडली, हे प्रवाशाला केवळ फलकावरून समजते. थांबवायला कोणी नसते.

जर्मनीत आखेन, कोलोन, एरफुर्ट आणि ड्रेस्डेन या शहरांजवळून मार्ग जातो. आयझेनाखच्या पश्चिमेला हेर्लेसहाऊझेन येथे १९८९ पर्यंत पश्चिम व पूर्व जर्मनीमधील कडक पहाऱ्याची चौकी होती. आज तेथून वाहने वेग कमी न करता जातात. पुढे नायसे नदीवर जर्मनीतील ग्योर्लिट्स आणि पोलंडमधील झ्गोझेलेट्स ही शहरे आहेत. १९४५ पूर्वी ते एकच शहर होते आणि महायुद्धानंतरच्या नव्या सीमेने त्याचे दोन भाग केले. डिसेंबर २००७ मध्ये पोलंड शेंगेन क्षेत्रात सामील झाल्यानंतर येथील तपासणी थांबली. व्रोत्स्वाफ, कातोवित्से, क्राकूव्ह, झेशूव्ह असा पोलंड ओलांडून महामार्ग कोर्चोव्हा येथे युक्रेनच्या सीमेवर पोहोचतो. युरोपीय संघाची हद्द येथे संपते.

युक्रेनमधील पट्टा

युक्रेनमध्ये ल्विव्ह, रिव्हने, झितोमिर, कीव्ह, पोल्तावा, खार्किव्ह आणि लुहान्स्क ही शहरे ई-४० वर आहेत. देशाच्या पश्चिम सीमेपासून पूर्व सीमेपर्यंत जाणारा हा मुख्य कणा आहे. कीव्ह येथे सेंट पीटर्सबर्गहून येणारा ई-९५ त्याला छेदतो, तर खार्किव्ह येथे नॉर्वेतील किर्केनेसपासून क्रिमियातील याल्टापर्यंत जाणारा ई-१०५ छेदतो.

एप्रिल २०१४ मध्ये रशियासमर्थक सशस्त्र गटांनी या मार्गावरील स्लोव्हियान्स्क ताब्यात घेतले. जुलैमध्ये युक्रेनने ते परत मिळवले, परंतु लुहान्स्क हातातून गेले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये देबाल्तसेव्हे हे मोक्याचे जंक्शनही गेले. रशियाच्या सीमेलगतचा महामार्ग तेव्हापासून कीव्ह सरकारच्या नियंत्रणाबाहेर आहे.

२०२२ मध्ये युद्ध राजधानीच्या वेशीवर आले. कीव्हच्या पश्चिमेस झितोमिरकडे जाणारा ई-४० चा भाग मार्च महिन्यात रणभूमी बनला. रशियन सैन्य माघारी गेल्यानंतर या रस्त्यालगत जळालेली वाहने आणि पळून जाण्याच्या प्रयत्नात मारल्या गेलेल्या नागरिकांचे मृतदेह आढळले. पूर्वेकडे याच महामार्गावरील इझ्युम शहर काही महिने रशियाच्या ताब्यात राहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनने ते परत घेतल्यावर शहराबाहेरील पाइनच्या जंगलात चारशे चाळीसहून अधिक कबरी सापडल्या. स्लोव्हियान्स्क आणि देबाल्तसेव्हे यांच्या दरम्यान असलेले बाखमुत दीर्घ लढाईत उद्ध्वस्त झाले आणि मे २०२३ मध्ये रशियाकडे गेले.

भारतीय विद्यार्थ्यांची वाट

या मार्गाशी महाराष्ट्रासह भारतातील अनेक कुटुंबांचा संबंध अचानक जोडला गेला. युद्धापूर्वी युक्रेनमधील वैद्यकीय महाविद्यालयांत हजारो भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि खार्किव्ह हे त्यांचे मोठे केंद्र होते. १ मार्च २०२२ रोजी तेथे झालेल्या हल्ल्यात कर्नाटकातील एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी भारतीय दूतावासाने शहरातील सर्व भारतीयांना तातडीने बाहेर पडण्यास सांगितले. वाहन मिळत नसल्यास पायी चालत पिसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदिव्हका गाठावे, अशी ती सूचना होती. त्यांपैकी पिसोचिन हे खार्किव्हच्या पश्चिमेस, पोल्तावाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे.

सुमी शहरात अडकलेल्या सुमारे सातशे विद्यार्थ्यांना ८ मार्च रोजी बसने पोल्तावा येथे आणण्यात आले आणि तेथून रेल्वेने पश्चिमेकडे पाठवण्यात आले. ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेतून आणि त्याआधीच्या विमानांतून मिळून सुमारे २२ हजार ५०० भारतीय मायदेशी परतले. पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया आणि मोल्दोव्हा या शेजारी देशांच्या सीमांवर त्या दिवसांत लांबच लांब रांगा लागल्या होत्या.

युद्धामुळे युक्रेनची बंदरे आणि विमानतळ बंद पडल्यावर पश्चिमेकडील रस्त्यांचे महत्त्व आणखी वाढले. २०२२ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनच्या मालवाहतूकदारांना परवान्याच्या अटीतून सूट दिली. त्यामुळे आपला व्यवसाय बुडतो, अशी पोलंडच्या ट्रकचालकांची तक्रार होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी कोर्चोव्हासह काही सीमा चौक्यांवर नाकेबंदी सुरू केली आणि ती जानेवारी २०२४ पर्यंत चालली. मित्रदेशांमधील सीमेवरही वाहतूक किती सहज अडू शकते, हे त्यातून दिसून आले.

व्होल्गाच्या पलीकडे

लुहान्स्कनंतर ई-४० रशियात शिरतो. व्होल्गोग्राड म्हणजे १९४२-४३ च्या निर्णायक लढाईचे स्टालिनग्राड. तेथून आस्त्राखानमार्गे तो कझाकस्तानात कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेकडील अतिराऊ या तेलनगरीला जातो. बेयनेऊनंतर उस्तयुर्तचे ओसाड पठार ओलांडून तो उझबेकिस्तानातील नुकुसला पोहोचतो, तुर्कमेनिस्तानाच्या दाशोगुझ भागाला स्पर्श करतो आणि पुन्हा उझबेकिस्तानात येतो. बुखारा, समरकंद आणि १९६६ च्या भारत-पाकिस्तान करारामुळे भारतीयांना परिचित असलेले ताश्कंद ही पुढची शहरे आहेत. त्यानंतर शिमकेंत, बिश्केक, अल्माटी आणि अखेरीस पूर्वी लेनिनोगोर्स्क म्हणून ओळखले जाणारे रिद्देर येते.

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर मध्य आशियातील देश जिनिव्हाच्या आयोगाचे सदस्य झाले आणि युरोपीय क्रमांक आशियात इतके आत पोहोचले. युद्धानंतर युरोप आणि मध्य आशिया यांच्यातील बराच व्यापार रशियाला वगळून तुर्किये, जॉर्जिया, अझरबैजान आणि कॅस्पियन समुद्र अशा मार्गाकडे वळवण्याचे प्रयत्न होत आहेत. या मार्गावर माल ट्रकमधून किंवा रेल्वेतून उतरवून जहाजावर चढवावा लागत असल्याने तो सोपा मानला जात नाही.

भारताशी दुवा

बुखारा ते अल्माटी या टप्प्यात ई-४० आणि शांघायहून निघणारा आशियाई महामार्ग ए-एच ५ बऱ्याच अंतरापर्यंत एकाच रस्त्यावरून जातात. आशियाई महामार्गांच्या या जाळ्यात ३२ देश असून भारतही त्याचा भाग आहे. संबंधित करार २००५ मध्ये अमलात आला. ग्वाल्हेरहून धुळे, ठाणे, मुंबईमार्गे बंगळूरुकडे जाणारा ए-एच ४७ आणि नागपूर येथे एकत्र येणारे ए-एच ४३ व ए-एच ४६ हे त्यातीलच मार्ग होत. टोकियोपासून तुर्कियेपर्यंतचा ए-एच १ मणिपूरमधील मोरे येथून भारतात येतो आणि पंजाबमधील अटारी येथून बाहेर पडतो. अटारीची तपासणी चौकी बंद करण्याचा निर्णय भारताने एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर जाहीर केला. नकाशावरील रेषा आणि वाहतुकीची वास्तविक स्थिती यांतील अंतर भारतालाही अपरिचित नाही.

जिनिव्हाच्याच आयोगाच्या देखरेखीखालील आणखी एका करारात भारत २०१७ मध्ये सहभागी झाला. ‘टीआयआर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या व्यवस्थेत माल निघतानाच सीमाशुल्क विभागाकडून ट्रक किंवा कंटेनर मोहोरबंद केला जातो आणि वाटेतील देश एरवी तो न उघडता पुढे जाऊ देतात. शुल्क बुडणार नाही याची हमी आंतरराष्ट्रीय संघटनेमार्फत दिलेली असते. रस्ता बांधण्यापेक्षा सीमेवरील वेळ वाचवणे अनेकदा अधिक लाभाचे ठरते, या अनुभवावर ही व्यवस्था उभी आहे.

ई-४० च्या अधिकृत वर्णनात आजही कीव्ह, पोल्तावा, खार्किव्ह, लुहान्स्क, व्होल्गोग्राड ही नावे पूर्वीच्याच क्रमाने येतात. बेल्जियममधील वाहनचालक रोज सकाळी त्याच हिरव्या फलकाखालून कामावर जातात. सुमारे अडीच हजार किलोमीटर पूर्वेला त्याच क्रमांकाच्या रस्त्यावरून रुग्णवाहिका आणि लष्करी वाहने आघाडीकडे ये-जा करतात. डांबरी रस्ता दुरुस्त करण्याचे तंत्र उपलब्ध आहे. तो पुन्हा आंतरराष्ट्रीय मार्ग म्हणून वापरात येण्यासाठी मात्र १९५० प्रमाणेच आधी संबंधित देशांची सहमती लागेल.