पंचांचा कौल आणि अपिलाचा हक्क

पंचांमुखीं परमेश्वर असें आपण म्हणतों. परंतु पंचच चुकले तर दाद कोणाकडे मागावी? १९०८ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हां ज्यूरींत सात युरोपियन व दोन हिंदी होते. सात विरुद्ध दोन मतांनीं टिळक दोषी ठरले व न्यायमूर्ति दावर यांनीं सहा वर्षें हद्दपारीची शिक्षा सांगितली. इंग्लंडांत आदल्याच वर्षीं, १९०७ च्या कायद्यानें, पुराव्याशीं विसंगत कौल रद्द करण्याचा अधिकार अपील कोर्टास मिळाला होता. इकडे मात्र १८९८ च्या फौजदारी कायद्याप्रमाणें ज्यूरीपुढील खटल्यांत अपील केवळ कायद्याच्या मुद्द्यावर चाले. पुरावा पुन्हां तोला, असें म्हणण्याचा हक्क आरोपीस नव्हता.

कौल दुसऱ्या बाजूसही चुकतो. १९५९ च्या नानावटी खटल्यांत ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें आरोपीस निर्दोषी ठरविलें. सेशन्स जज्जांस तें न पटल्यानें प्रकरण हायकोर्टाकडे गेलें. तेथें खून शाबीत ठरला व १९६१ सालीं सुप्रीम कोर्टानें तो निर्णय कायम केला. म्हणजे पुराव्याच्या फेरतपासणीची किल्ली न्यायाधीशाच्या हातीं होती, शिक्षा भोगणाऱ्याच्या नव्हे.

१९७३ चा फौजदारी कायदा १ एप्रिल १९७४ पासून अमलांत आला व ज्यूरी गेली. आतां न्यायाधीशास कारणें लिहावीं लागतात आणि तीं कारणें पुराव्यावर घासून पाहण्याचा हक्क आरोपीस आहे. पण हक्काचा उपयोग कोण करतो ? नांदेड-लातूरच्या मोंढ्यांत तोलामापावरून झटापट व्हावी, मारहाणीबद्दल कैद व्हावी, आणि आप्तांनीं ‘नशीब’ म्हणून स्वस्थ बसावें ! हें नशीब नव्हे, आळस होय. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सेशन्स कोर्टांत ३० दिवसांत, सेशन्सच्या शिक्षेवर हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठांत ६० दिवसांत अपील करावें लागतें. कैदेची शिक्षा झालेल्यास निकालाची नक्कल विनामूल्य मिळते. तुरुंगांत असलेल्यास १९८७ च्या कायद्यान्वयें सरकारी खर्चानें वकील मिळूं शकतो.

मात्र अपील म्हणजे अन्यायाचा टाहो नव्हे. साक्ष जखमेशीं कोठें जुळत नाहीं, डॉक्टराचा दाखला कोणतें हत्यार नाकारतो, फिर्याद उशिरां कां लिहिली गेली, हें कागदावरून दाखवावें लागतें. जो हक्क एके काळीं टिळकांसही नव्हता, तो मोंढ्यांतील हमालास आज आहे. तो मुदतीबाहेर जाऊं देणें हा आपणच आपणांस दिलेला अन्याय्य कौल होय !