मोकळ्या टाचेचा शब्द

बातमीत ‘नॉर्डिक’ आलं की मी वर्षानुवर्षं बिनदिक्कत ‘स्कँडिनेव्हियन’ लिहून मोकळा होत असे. एका जाणत्या वाचकाने पत्र पाठवून माझे कान उपटले : फिनलंड नॉर्डिक खरा, पण स्कँडिनेव्हियन नव्हे! काटेकोर अर्थाने स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन. नॉर्डिकमध्ये फिनलंड आणि आइसलंडही येतात. फिनिश भाषा तर स्वीडिशच्या कुळातलीसुद्धा नाही. तिकडे या मुलखाला ‘नॉर्डेन’ म्हणतात, म्हणजे नुसतं ‘उत्तर’. इतका साधा शब्द. पण त्यालाच ‘वंश’ चिकटवून नाझींनी काय अनर्थ केला, ते जग जाणतं.

बर्फावर मात्र नॉर्डिकची खूण टाचेत आहे. आल्प्सवरून नाव पडलेल्या अल्पाइन प्रकारात उतारावरून घसरायचं, म्हणून बुटाची टाच पट्टीला जखडलेली. नॉर्डिकमध्ये फक्त चवडा अडकवलेला. टाच उचलते, म्हणून सपाटीवर, चढावरही चालता येतं. क्रॉसकंट्री, स्की-जंपिंग आणि दोन्ही मिळून ‘नॉर्डिक कंबाइंड’. शामोनीच्या १९२४च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून हे तिन्ही आहेत. अल्पाइन आलं १९३६ साली.

पण उडीत बायकांना प्रवेश मिळायला २०१४ उजाडलं! आणि कंबाइंड? २०२६च्या स्पर्धेसाठीही आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जून २०२२मध्ये त्यांना नकार दिला. कारण काय, तर देश कमी, प्रेक्षक कमी. दारच उघडलं नाही तर देश वाढणार कुठून, हे मला उमगत नाही. जागतिक अजिंक्यपदात त्या २०२१ साली प्रथम उतरल्या, तेही जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फला, ऐन आल्प्समध्ये.