बस उसनी, नवस घरचा

मराठी कौटुंबिक प्रवासपट मोटारीपेक्षा नवसावर अधिक चालतो. सचिन पिळगावकरांच्या ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये (२००४) मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेल्या एसटीत अशोक सराफ कंडक्टर आहेत, आणि जोडप्याच्या डोक्यावर वडिलांनी बोललेला अवघड नवस. ही ‘बॉम्बे टू गोवा’ची (१९७२) नक्कल, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा. मुळात ‘बॉम्बे टू गोवा’ही ‘मद्रास टू पाँडिचेरी’ (१९६६) या तमिळ चित्रपटावरून आलेला. शिवाय तिथली नायिका जिवाच्या भीतीने पळते, इथे नवरा-बायको देवाचं देणं फेडायला निघतात. म्हणून भांडण घरातलंच राहतं.

नवसाच्या प्रवासाचा हा मसाला कोकणापुरता नाही. कलबुर्गी जिल्ह्यात भीमा-अमरजा संगमाजवळच्या गाणगापूरला महाराष्ट्रातली दत्तभक्त कुटुंबं जातात. तिथे सुखवस्तू माणूसही झोळी घेऊन माधुकरी मागतो. बिदरला झरणी नरसिंहाच्या दर्शनासाठी भुयारातल्या छातीभर पाण्यातून चालावं लागतं. आत्याबाई, जावई आणि कुरकुरणारी पोरं त्या पाण्यात उतरली की वेगळा विनोद लिहायची गरज उरत नाही. श्रद्धेची थट्टा होईल, ही भीती रास्त. पण २००४च्या चित्रपटात हसू येतं ते माणसांच्या अडचणीचं, गणपतीचं नव्हे.