‘काही नाही’ म्हणजे नेमके काय? : तरुण छातीतल्या दुखण्याचा शोध

आमच्याकडे छातीच्या दुखण्याला एक शब्द पुरत नाही. छातीत चमक निघते, कळ येते, उसण भरते, टोचते, जळजळते, दाटते, भरून येते, गच्च होते, धडधडते आणि काही कारण नसताना धस्सही होते. दवाखान्यातल्या कागदावर या सगळ्यांचे भाषांतर ‘चेस्ट पेन’ या दोन शब्दांत होते आणि मूळ वाक्यातले निम्मे निदान तिथेच सांडते. उसण भरली म्हणणारा माणूस बहुधा बरगडीच्या स्नायूविषयी बोलत असतो, जळजळते म्हणणारा अन्ननलिकेविषयी. ‘छातीवर कुणी बसल्यागत व्हायलंय’ असे म्हणणाऱ्याला मात्र एक मिनिटही बसवून ठेवू नये. गंमत अशी की ज्या ‘काळजा’त आपले सगळे धस्स होते, ते काळीज शरीरशास्त्राच्या हिशेबाने हृदय नसून यकृत आहे! शब्दाने आपली जागा बदलली, भीतीने मात्र ती कधीच सोडली नाही.

हा विषय माझ्याकडे पुस्तकातून आला नाही. मांजरसुंबा हे चार रस्त्यांचे गाव. उत्तरेला बीड, दक्षिणेला चौसाळ्यावरून धाराशिव-सोलापूर, पूर्वेला नेकनूर-केज-अंबाजोगाई आणि पश्चिमेला पाटोदा-जामखेड. बालाघाटाच्या माथ्यावरच्या या चौकातून रात्रंदिवस वाहने जातात. माझे चुलते बेचाळिसाव्या वर्षी याच रस्त्यावरून बीडच्या दवाखान्यात नेताना गेले. आदल्या दिवशी त्यांनी ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा प्यायला होता. मला सव्विसावे लागले तेव्हा रात्री वाचत बसलो की डाव्या स्तनाखाली सुई टोचल्यासारखी चमक निघू लागली. श्वास आत घेतला की ती वाढायची, म्हणून मी श्वास अर्धवट घ्यायचो. मिनिटभरात सगळे शांत. मग पुढचे दोन तास मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजणे.

ईसीजी काढला, रक्त तपासले, टू-डी एको झाला. डॉक्टर म्हणाले, ‘काही नाही.’ त्या दोन शब्दांनी मला आठवडाभर बरे वाटले. आठव्या दिवशी चमक पुन्हा निघाली आणि सोबत एक नवा प्रश्न घेऊन आली : काही नाही, तर मग हे दुखते काय?

या प्रश्नाचे उत्तर १९५५ साली दिले गेलेले होते, हे मला फार नंतर कळले. अमेरिकेतल्या मिलर आणि टेक्सिडोर या दोन डॉक्टरांनी त्या वर्षी या दुखण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मिलर यांना स्वतःलाच ते होते. नाव दिले ‘प्रिकॉर्डियल कॅच’, म्हणजे हृदयासमोरच्या भागात भरणारी उसण! जे नाव आमच्या आजीला ठाऊक होते, तेच. लहान मुलांत आणि तरुणांत हे दिसते, वय वाढते तसे बहुधा विरते. बोटाने दाखवता येईल इतकी लहान जागा, वाकून किंवा पोक काढून बसल्यावर अचानक येणारी धारदार चमक, श्वासाबरोबर वाढणारी, काही सेकंदांत ते दोन-तीन मिनिटांत जाणारी. हृदयाशी तिचा संबंध नाही. ती बरगड्यांमधल्या नसांतून किंवा छातीच्या आतल्या अस्तरातून उठत असावी असे मानतात. उपचार काही लागत नाही. कुणी कुणी एकदा धीर करून पूर्ण श्वास घेतात, आत काहीतरी सुटल्यासारखे होते आणि चमक जाते.

हृदयाचे दुखणे याच्या उलट वागते. १७६८ साली लंडनमध्ये विल्यम हेबर्डन यांनी वैद्यांच्या सभेत ‘अंजायना’चे जे वर्णन वाचले, ते आजही डॉक्टर शिकतात. चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर, छातीत गळा आवळल्यासारखे होते आणि माणूस उभा राहिला की ते थांबते. आमच्या भागातल्या माणसाला हे समजावणे सोपे आहे. मन्मथस्वामींच्या समाधीला कपिलधारला कार्तिक पौर्णिमेला माणसे लोटतात. दरीतून वर येताना ज्याची छाती दाटते आणि दगडावर टेकल्यावर मोकळी होते, त्याने यात्रा संपताच तपासून घ्यावे. जो टोपलीभर सीताफळे उचलून धडाधड वर येतो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर ज्याला टोचते, त्याची गोष्ट बहुतेक वेगळी असते.

हृदयाचे दुखणे हातात, जबड्यात, पाठीत का जाते, याचेही सोपे कारण आहे. हृदयाच्या वेदनेच्या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळ्यांवर शिरतात, तिथेच छातीच्या आणि हाताच्या आतल्या कडेच्या नसाही शिरतात. मेंदूला निरोप मिळतो, पण पत्ता पुसट असतो. म्हणून खऱ्या हृदयवेदनेचा माणूस एक बोट दाखवत नाही, अख्खा पंजा किंवा मूठ छातीवर ठेवतो. अर्थात हा नियम म्हणून वापरू नये. मधुमेह असलेल्यांत आणि पुष्कळदा बायकांत दुखण्याऐवजी नुसता दम, घाम, मळमळ किंवा कमालीचा थकवा एवढेच येते.

या सगळ्यात मला सर्वांत ओढ लागली ती एका जुन्या सैनिकी कथेची. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात तरुण शिपाई येत. छातीत दुखते, धडधडते, दम लागतो, झोप नाही. जेकब डा कोस्टा या डॉक्टरांनी अशा तीनशेहून अधिक शिपायांचा अभ्यास करून १८७१ साली ‘चिडखोर हृदया’वरचा लेख लिहिला. ताप, जुलाब, सक्तीच्या लांब कूच यांनंतर हे सुरू होई, आणि बहुतेकांच्या हृदयात बिघाड सापडत नसे. पहिल्या महायुद्धात तोच आजार ब्रिटिश सैन्यात हजारोंनी दिसला. थॉमस लुईस यांनी त्याला श्रमाशी जोडून नवे नाव दिले आणि अंथरुणावर निजवून ठेवण्याऐवजी चढत्या क्रमाने कवायत करायला लावली. पुष्कळ जण कामाला लागले. मग १९४१ साली पॉल वुड यांनी सांगितले की इथे हृदय आजारी नाही, भीती आहे, आणि ती गोल फिरते. घाबरल्यावर छाती धडधडते, धडधडीचा अर्थ ‘हृदय बिघडले’ असा लागतो, त्या अर्थाने आणखी भीती, भीतीने आणखी धडधड.

या वर्तुळाचे शरीरातले काम आज बरेच उलगडले आहे. घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोके हलके आणि छाती आवळल्यासारखी. बरगड्यांमधले स्नायू तासन्‌तास ताठ राहिल्याने खरेच दुखतात. त्यात आपण जागा तपासायला बोटाने दाबत राहतो, तीही हुळहुळी होते. म्हणजे दुखणे खोटे नसते. ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे : स्नायू मनाचा नसतो.

तरीही तरुणांनी बिनधास्त राहावे असे मी म्हणणार नाही. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ पाहणीत दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३व्या वर्षाच्या आसपास आलेला दिसला, इतर देशांत हेच वय ५९च्या जवळ होते. सरासरी ५३ याचा अर्थ पुष्कळांना त्याहून आधी. डॉ. अभय बंग यांना ४४व्या वर्षी हृदयविकार झाला आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक मराठी घराघरांत पोचले. २०२१ मध्ये सिद्धार्थ शुक्ला चाळिसाव्या वर्षी आणि पुनीत राजकुमार सेहेचाळिसाव्या वर्षी गेले तेव्हा तालमीतली, जिममधली मुले हादरली. त्यातून लसीवर संशय आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयाच्या, वरवर धडधाकट असताना अचानक मरण पावलेल्या ७२९ जणांची तुलना २,९१६ इतरांशी केली आणि २०२३ साली निष्कर्ष मांडले. लसीने धोका वाढलेला आढळला नाही. घरात असा अचानक मृत्यू झालेला असणे, कोविडसाठी रुग्णालयात राहावे लागलेले असणे, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा अतिशय जोरकस शारीरिक श्रम, यांचा संबंध मात्र दिसला.

हे शेवटचे वाक्य आमच्या चौकात उभे राहून वाचले की अंगावर येते. पहाटे पाचला रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीची मुले सोळाशे मीटरचा सराव करत असतात. त्यांतला एक मला म्हणाला, ‘सर, पळून आलं की डाव्या अंगाला दुखायलंय. घरी सांगितलं तर पळू देणार न्हाईत.’ मी त्याला तीनच गोष्टी विचारल्या. पळताना कधी चक्कर येऊन पडलास का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेले का? पळता पळता दुखते की पळून बसल्यावर? यांतल्या पहिल्या दोघांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, किंवा दुखणे ऐन पळताना येत असेल, तर सराव त्याच दिवशी थांबवून हृदयाची सोनोग्राफी करावी. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, तो तरुण खेळाडूंनाही गाठतो. त्याच्या उत्तरांत पहिल्या दोन वेळा ‘न्हाई’ होते आणि दुखणे बसल्यावरचे होते. तरी मी त्याला ईसीजी काढायला लावला.

ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांचे वेगळे आहे. उचल घेतलेली असते, मुकादमाचा हिशेब असतो, एक दिवस खाडा पडला तर तो अंगावर निघतो. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवताना बरगडी आणि छातीचे हाड जोडणाऱ्या कूर्चांवर रोज ताण येतो. त्या सुजल्या की दाबल्यावर नेमक्या जागी दुखते. १९२१ साली अलेक्झांडर टिट्झे या जर्मन शल्यवैद्याने सूज दिसणाऱ्या प्रकाराचे वर्णन केले, त्याचे नाव आजही त्या आजाराला आहे. औषध साधे, पण पहिले औषध विश्रांती, आणि तेच तिथे मिळत नाही. त्यातला एखादा तंबाखू मळत ‘गॅस आहे’ म्हणून पडून राहतो तेव्हा कुणाचे खरे धरावे, हे फडावर ठरवणार कोण? ज्या जिल्ह्यात १९७०च्या दशकातच अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तिथला माणूस हंगामातले सहा महिने मात्र जिल्ह्याबाहेर कोप्यांत असतो.

आता ‘काही नाही’कडे वळतो. १९८१ साली अमेरिकेत सॉक्स आणि सहकाऱ्यांनी एक सुरेख प्रयोग केला. छातीतल्या दुखण्याचे गंभीर कारण दिसत नाही अशा रुग्णांपैकी काहींचा ईसीजी व रक्ततपासणी केली, काहींची मुद्दाम केली नाही. तपासणी झालेल्यांपैकी २० टक्क्यांचे रोजचे काम थोडेफार अडले, न झालेल्यांपैकी ४६ टक्क्यांचे. म्हणजे तपासणी स्वतःच औषध ठरली, निदान थोडे दिवस. पण २०१३ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसले की धोका मुळात कमी असताना केलेल्या तपासण्यांनी काळजी फारशी टिकाऊ कमी होत नाही. माझा आठवडा त्यात बरोबर बसतो.

मग टिकाऊ काय? न्यूझीलंडमध्ये कीथ पेट्री यांनी २००७ साली ९२ जणांवर केलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. ट्रेडमिलची चाचणी करण्यापूर्वीच एका गटाला पत्रक देऊन आणि थोडे बोलून सांगितले की निकाल सामान्य आला तर त्याचा अर्थ काय आणि हृदय सोडून छाती आणखी कशाकशाने दुखते. महिन्याने याच गटात अजून दुखते म्हणणारे आणि हृदयाच्या गोळ्या घेत राहिलेले सर्वांत कमी होते. सगळा फरक ‘आधी’ या शब्दाचा. भीती जागी असताना आणि कान उघडे असताना अर्थ सांगितला, तर निकाल त्या अर्थात जाऊन बसतो. निकाल हातात पडल्यावर सांगितलेले समजुतीचे बोलणे ‘डॉक्टर धीर देतायत’ एवढेच ऐकू येते.

ओपीडीत शंभर माणसे रांगेत असताना पाच मिनिटे कोण बोलणार, हा आक्षेप मला मान्य आहे. पण पत्रकाला डॉक्टर लागत नाही. आशाताईंच्या पिशवीत एक पान मावते. त्यावर एका बाजूला लगेच १०८ला फोन करायची लक्षणे हवीत : छातीवर ओझे, दाब, वीस मिनिटांतही न थांबणारे दुखणे, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, गार घाम, दम, चक्कर. तरुण, सडपातळ मुलाला एकाएकी एका बाजूला दुखून धाप लागली तर तेही, कारण फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा साठलेली असू शकते. ताप असून पडल्यावर दुखणे वाढते आणि पुढे वाकल्यावर कमी होते, तर हृदयाच्या आवरणाची सूज असू शकते, त्याच दिवशी दाखवावे. आणि एक ईसीजी चांगला आला म्हणून दुखणे चालू असताना घरी परतू नये, काही तासांनी तो आणि रक्ततपासणी पुन्हा करतात.

पानाच्या दुसऱ्या बाजूला उसण, कूर्चा, आम्लपित्त आणि भीती यांची नावे हवीत, मराठीत, ज्या शब्दांत माणसे दुखणे सांगतात त्याच शब्दांत. भीतीसाठी १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तिथे मराठीतून बोलता येते. भरतीच्या मुलांना मी असे हाताने लिहिलेले पान दिले आहे. सोळाशे मीटरवाल्या मुलाने ते वाचून पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या वडिलांविषयी होता. ते बावन्न वर्षांचे आहेत, बैलगाडी भरताना थांबून थांबून दम घेतात आणि म्हणतात, गॅस आहे.